एक मण गहू वर नेण्यासाठी

बडोद्यात चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून टिकून आहे. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी दर एप्रिलला लोकवन गव्हाचे ६ कट्टे येतात. गुजरातेत मण म्हणजे २० किलो, आणि एका कट्ट्यात एक मण. टेम्पोवाला कट्टे खाली ओट्यावर टाकून जातो. तिथून दुसऱ्या मजल्यापर्यंत ३४ पायऱ्या. वर नेल्यावर गहू उन्हात घालायचा, निवडायचा, दिवेलाचा म्हणजे एरंडेलाचा हात द्यायचा आणि कोठीत भरायचा. मागच्या वर्षी मी ४६ वर्षांची होते आणि कट्टा मला जमिनीवरून गुडघ्यापर्यंतही धड आणता आला नाही. यांना मणक्याचा त्रास, ओझं उचलायला डॉक्टरांची मनाई. शेवटी कट्टे खालीच फोडले आणि पाच-पाच किलोचे डबे भरून मी आणि माझ्या मुलीने २४ खेपा केल्या.

माझे सासरे, बाबा, आता ७९ वर्षांचे आहेत. लहानपणी ते घराजवळच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. सगळा गाव त्याला प्रो. माणिकरावांचा आखाडा म्हणूनच ओळखतो. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "तू वजन कधी उचललंच नाहीस, तर ते उचलणार कसं? रोज थोडं थोडं उचल. आणि मोजत जा. आम्ही पंचवीस बैठकांना एक खडा बाजूला ठेवायचो."

खड्यांच्या जागी मी वही घेतली. वर्षभर त्या वहीत जे लिहिलं आणि ते समजून घ्यायला जे वाचलं, ते इथे सांगते. ताकद आणि स्नायू कसे वाढतात याचं शास्त्र आता बरंचसं स्पष्ट झालेलं आहे. पण आपल्या शरीराला त्यातलं काय आणि किती लागू पडतं, हे आपल्यालाच मोजून काढावं लागतं. त्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ही दुसरी बाब मला उशिरा कळली आणि त्यात माझा एक अख्खा महिना गेला.

वहीच्या पहिल्या पानावरचे आकडे असे: वजन ५८ किलो. कंबर ८४ सेंटिमीटर. मांडीचा घेर, गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर, ४९. हात न टेकता खुर्चीवरून ३० सेकंदांत १३ वेळा उठणं. मुलीचं जुनं दप्तर ४ किलो गहू घालून छातीशी धरलं तर ८ बैठका. जोर शून्य.

त्यानंतर मी उत्साहाच्या भरात सगळंच एकदम सुरू केलं. भिजवलेले बदाम, सकाळी दूध, कमाटीबागेत चालणं, दप्तराच्या बैठका, रात्रीचा भात बंद. त्याच सुमारास रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं, तर डॉक्टरांनी त्याच्या गोळ्याही दिल्या. महिन्याभरात बरं वाटायला लागलं. पण कशामुळे? सहा गोष्टी एकत्र बदललेल्या, त्यातलं श्रेय कुणाला द्यायचं? कितीतरी लोक अशाच वेळी एखादी पावडर किंवा एखादा काढा धरून बसतात आणि "मला यानेच फरक पडला" असं शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे हिशेब नसतो, एवढंच.

ताकद आधी येते, स्नायू मागून

चौथ्या आठवड्यात त्याच ४ किलोच्या दप्तराने ८ च्या जागी १५ बैठका निघाल्या. बैठका जवळजवळ दुप्पट. टेप लावली तर मांडी ४९ ची ४९. हे कोडं सुटलं आणि मग पुढचं सगळं समजायला सोपं गेलं.

स्नायू म्हणजे बारीक तंतूंचे जुडगे. ते आपणहून आकसत नाहीत. मज्जारज्जूतून निघालेला एकेक चेतातंतू स्नायूतल्या तंतूंच्या एकेका टोळीला हुकूम देतो, तेव्हा ती टोळी आकसते. एलवुड हेनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की काम हलकं असेल तर शरीर लहान टोळ्यांवरच भागवतं. ओझं वाढेल तशा मोठ्या आणि जोरकस टोळ्या कामाला लागतात. ज्याने वर्षानुवर्षं पिशवीपेक्षा जड काही उचललं नाही, त्याच्या मोठ्या टोळ्यांना हाक ऐकायची सवयच उरलेली नसते.

विसर्जनाच्या मिरवणुकीत गणपतीची गाडी कुठे अडली की वीस जण दोरीला लागतात. सुरुवातीला प्रत्येकाचा हिसका वेगळ्या क्षणी बसतो आणि गाडी जागची हलत नाही. मग कुणीतरी "मंगलमूर्ती" म्हणतं, "मोरया"ला सगळ्यांचा जोर एकदम लागतो आणि गाडी निघते. माणसं तीच, गाडीही तीच. पहिल्या महिन्यात आपल्या स्नायूंत हेच घडतं. मोरितानी आणि डीव्रीस या दोघांनी १९७९ साली हे मोजून दाखवलं: सुरुवातीची वाढ मुख्यतः चेतासंस्थेची असते, आणि साधारण तीन ते पाच आठवड्यांनंतर स्नायूंच्या जाडीचा वाटा वाढत जातो.

बहुतेक जण व्यायाम सोडतात ते नेमके याच टप्प्यावर. महिना झाला, आरशात काही दिसत नाही, काट्यावरही काही नाही, मग नाद सोडायचा. त्या दिवसांत आरसा आणि काटा दोन्ही चुकीची साक्ष देतात. किती वजन किती वेळा उचललं, एवढाच आकडा त्या काळात बोलतो.

मला या बाबतीत सगळ्यात धीर दिला तो १९९० सालच्या एका प्रयोगाने. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा चांगला जड व्यायाम दिला. सरासरी वय ९०. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्र ९ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ताकद आणि आकार यांची चाल वेगळी असते हे त्यातून दिसतं, आणि नव्वदीतही शरीर शिकतं हेही. मी हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मलापण एक रकाना आख तुझ्या वहीत."

अर्धा किलो गहू

दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे वाळलेले पाय भरून यायला फार वेळ लागायचा, कारण त्यांना हलकाच व्यायाम द्यायची रीत होती. थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जड वजनं द्यायला सुरुवात केली आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवत नेलं. त्याचे निष्कर्ष १९४५ साली छापून आले. आज जगातल्या कुठल्याही जिममध्ये जे चालतं त्याचा पाया हाच आहे: शरीराला जमतं त्याच्या किंचित पुढचं काम देत राहायचं.

ते किंचित म्हणजे किती? माझ्या दप्तरात गव्हाच्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या होत्या, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून भरलेल्या. १२ बैठकांचा एक सेट, असे तीन सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विसावा. लागोपाठ दोन दिवस तिन्ही सेट नीट निघाले की एक पिशवी वाढायची. नीट म्हणजे बाबांच्या डोळ्यांना नीट. ते खुर्चीत बसून बघायचे आणि सांगायचे, "टाच उचलली गं. ती बैठक मोजू नकोस. आणि वर येताना श्वास सोड, कोंडू नकोस." श्वासाचं त्यांचं म्हणणं फार मोलाचं आहे. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि ज्यांना आधीच रक्तदाब आहे त्यांनी तर हे कटाक्षाने टाळावं.

वजन जडच हवं का, हा प्रश्न सगळे विचारतात. स्नायूंचा आकार वाढायला एका सेटमध्ये पाचापासून तिसापर्यंत कितीही चालतात, असं अलीकडच्या प्रयोगांतून दिसलं आहे. अट एकच: सेट संपताना "आता जेमतेम दोन-तीन निघाल्या असत्या" इतकी दमणूक व्हायला हवी. निव्वळ ताकद हवी असेल तर मात्र जड वजन आणि कमी आकडा बरा. रोज दोनशे हलक्या बैठका काढून दम वाढतो, मांडी एका मर्यादेपुढे भरत नाही. मग जुने पैलवान कसे भरलेले असत? तर बैठका संपल्यावर ते हौद्यात उतरून तासभर आपल्याएवढ्याच वजनाचा जिवंत माणूस उचलत आणि ढकलत, आणि खुराकही तसाच असे. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी पदरी पैलवान बाळगले. गामा पैलवानाने १९०२ मध्ये उचलला म्हणून सांगतात तो दगड आजही कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ठेवलेला आहे. चालायला गेले की मी त्याच्यापाशी कधी कधी थांबते.

जोरांना पिशवी वाढवता येत नाही, म्हणून तिथे उंची कमी करत गेले. आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकाच्या ओट्याला, मग पलंगाच्या कडेला. जमिनीवरचा पहिला पुरा जोर नोव्हेंबरात निघाला. कट्टा उचलायचा होता म्हणून तिसरा व्यायाम वाकून उचलण्याचा: दप्तर दोन पावलांमध्ये, पाठ ताठ, कंबर मागे नेत खाली जायचं आणि टाचांवर जोर देऊन उठायचं. चौथा, दप्तर कमरेकडे ओढायचा. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास. एकेका स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास सेट मिळाले की वाढीला चांगला वाव मिळतो, आणि या वेळापत्रकात ते सहज बसतात.

दुखणं म्हणजे वाढ का? व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात, त्याला लोक लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात. ते तर तासाभरात ओसरलेलं असतं. ते दुखणं सवय नसलेल्या ताणाचं, विशेषतः खाली जाताना स्नायू लांबत असताना पडणाऱ्या ताणाचं असतं. "स्नायू फाटतो आणि मग जाड होऊन भरतो" हेही अर्धंच खरं आहे. वाढीचा मुख्य निरोप तंतूंवर पडलेल्या ताणातून जातो, इजा व्हायलाच हवी असं नाही. दोन महिन्यांनंतर माझं दुखणं जवळजवळ थांबलं आणि मांडी भरायला सुरुवात झाली ती त्यानंतरच.

पिठाचा डबा

स्नायूतलं प्रोटीन रोज मोडतं आणि रोज नव्याने बनतं. घरातल्या पिठाच्या डब्यासारखंच ते आहे. रोज पीठ निघतं, मधूनमधून दळण येतं, बघणाऱ्याला डबा कायम तेवढाच दिसतो. जड व्यायामानंतर साधारण एक ते दोन दिवस शरीराची भरती वाढलेली असते. त्या दिवसांत ताटातून माल आला तर डब्यात थोडं जास्त शिल्लक राहतं. म्हणून मधला विश्रांतीचा दिवस वाया गेलेला नसतो, भरती त्याच दिवशी चालू असते.

माझ्या ताटात किती माल होता ते पाहायला मी एक आठवडा सगळं तोलून लिहिलं. स्वयंपाकघरातला छोटा काटा चारशे-पाचशे रुपयांना मिळतो, आणि या सगळ्या वर्षात मी केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तो. पाच माणसांच्या आमटीला आम्ही ११० ग्रॅम तूरडाळ शिजवत होतो. माणशी २२ ग्रॅम डाळ आणि तीत प्रोटीन ५ ग्रॅमच्या आत. बाकी सगळं पाणी, चिंच-गूळ आणि समाधान. सहा भिजवलेल्या बदामांत दीड ग्रॅम. पोळीत साधारण ३. पोहे, चहा, पोळी-भाजी, आमटी, संध्याकाळी चिवडा, रात्री खिचडी आणि ताक, सगळं मिळून दिवसाची सरासरी ३८ ग्रॅम निघाली. आपण वरण-पोळी खातो म्हणजे प्रोटीन होतंच, या समजुतीत मी वीस वर्षं घर चालवलं होतं.

आता लागतं किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सांगितलेलं रोजचं प्रमाण दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ४८. पण ते निरोगी माणसाचं नेहमीचं भागावं यासाठी आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर वेगळा हिशेब. २०१८ साली ४९ प्रयोगांमधल्या १,८६३ माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा दर किलोला १.६ ग्रॅमपर्यंत फायदा वाढताना दिसला आणि पुढे तो थांबल्यासारखा झाला. माझ्या वजनाला ते ९३ ग्रॅम होतात. यातली खुबी अशी की पहिल्या टप्प्यात फायदा भराभर मिळतो आणि वर जाल तसा कमी होत जातो. शाकाहारी ताटात ९३ गाठायला माझी दमछाक व्हायला लागली, म्हणून मी ८० वर थांबले. याची मला खंत नाही.

ते ८० असे जमवले. सकाळी पोह्यांच्या जागी ५० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि पेलाभर दूध, १९ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, भाजी आणि वाटीभर दही, २२. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ८. रात्री भाकरी, मटकीची नाहीतर वाटाण्याची उसळ आणि ८० ग्रॅम पनीर, ३० च्या आसपास. पनीराचा कंटाळा आला की ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यात १५ ग्रॅम मिळतात आणि पैशाच्या हिशेबात त्यांना तोड नाही. बडोद्याची शेवउसळही यात बसते: सुक्या वाटाण्याची उसळ दुप्पट आणि शेव चिमूटभर. खाणारे नाक मुरडतात, पण मला आता तशीच आवडते. अंडं खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं, एका अंड्यात ६ ग्रॅम.

शेंगदाण्यांबद्दल जरा सांभाळून. शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रोटीन असतं खरं, पण निम्मं वजन तेलाचं असतं. तोंडी लावायला ठीक, भिस्त त्यांच्यावर नको.

डाळीतलं प्रोटीन अपुरं असतं, असं सारखं ऐकू येतं. धान्यांत लायसिन नावाचं अमायनो आम्ल कमी असतं आणि डाळींत मिथिओनिन. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, पुरणपोळी ही जोडी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. अडचण जोडीची नसून प्रमाणाची आहे. ताटात पोळी-भात डोंगराएवढा आणि डाळ नावाला. आमच्या घरात डाळ ११० ची २०० ग्रॅम झाली, आणि इतरांनी आमटी घट्ट झाल्याची तक्रार पहिले दोन आठवडेच केली.

आणि पावडर? एका जिममध्ये चौकशीला गेले होते. तिथल्या माणसाने वजनं दाखवायच्या आधी डबा दाखवला आणि बायकांनी ट्रेडमिलच करावी असंही सुनावलं. मी परत गेले नाही. खरं पाहता व्हे म्हणजे पनीर करताना खाली उरणारी निवळी, तिच्यातलं प्रोटीन वेगळं काढून वाळवलेलं. त्यात जादू नाही आणि विषही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. माझं मत असं की आधी ताट तोलावं. ते सुधारूनही कमी पडलं तर मग विचार करावा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रोटीन वाढवण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं.

दोन नवरात्रं

वहीतली मला सगळ्यात प्रिय पानं ही आहेत.

आश्विनातल्या नवरात्राच्या आदल्या दिवशी ११ किलोच्या दप्तराने माझे सेट होते १२, १२, ११. नऊ दिवस उपास: साबुदाणा, बटाटा, फळं, दही. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, दिवसाचं मोजलं तर २२ ग्रॅम. रात्री गरबा. बडोद्याचा गरबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की तिथून उठून लवकर घरी येववत नाही. झोप साडेचार तास. सातव्या माळेला तेच दप्तर घेऊन बैठका काढल्या तर ८, ७, ५. वजनही १.३ किलोने उतरलेलं. मी घाबरले. सहा महिन्यांची मेहनत नऊ दिवसांत गेली असं वाटलं.

दसऱ्यानंतर सहाव्या दिवशी १२, ११, ११. वजनही परत आलं. म्हणजे स्नायू गेलेच नव्हते. स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजन. त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं बदललं, नाच झाला, की तो साठा आणि ते पाणी उतरतं आणि काटा खाली येतो. नऊ दिवसांत शरीर दमतं, स्नायू एवढ्या लवकर विरघळत नाहीत. आठवड्याच्या उपासतापासाने किंवा प्रवासाने हातपाय गाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण घसरण कशाने झाली? उपासाने, जागरणाने की गरब्याने? तिन्ही एकत्र होतं. उत्तर मिळायची सोय पंचांगानेच करून ठेवली होती. चैत्रात पुन्हा नवरात्र. तोच उपास, तोच साबुदाणा, तेच २२ ग्रॅम. गरबा नाही आणि झोप सात तास. तोवर दप्तर १७ किलोचं झालं होतं. आधीचे सेट १२, १२, ११. सातव्या दिवशी ११, ११, १०.

एवढाच फरक. नऊ दिवसांच्या उपासावर मी जो आळ घेतला होता तो बराचसा उतरला. जागरण आणि गरबा यांच्यातला गुंता मात्र अजून तसाच आहे, आणि एक गोष्ट आणखी कबूल करायला हवी: चैत्रात मी क्रिएटिन घेत होते, आश्विनात नव्हते. तर हा निकाल स्वच्छ नाही. एकच शरीर, एकेकदाच केलेली तपासणी. तरी आधी मला काहीच माहीत नव्हतं, आणि आता पुढच्या आश्विनात काय तपासायचं ते पक्कं माहीत आहे. दोन रात्री गरबा करून दुसऱ्या दिवशी दुपारी झोप पुरी करायची, दोन रात्री गरबा न करता तेवढंच जागायचं, आणि दोन्ही वेळा दप्तर उचलून पाहायचं.

क्रिएटिनबद्दल थोडक्यात. हा पदार्थ आपलं शरीर स्वतः बनवतं. बाहेरून तो मुख्यतः मांस-मासळीतून येतो, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. जोराच्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा तो पुरवतो. रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, एवढंच पुरतं. जानेवारीत मी ३ ग्रॅम सुरू केलं. दोन आठवड्यांत वजन ९०० ग्रॅमने वाढलं, ते स्नायूंत शिरलेलं पाणी. प्रत्येक सेटमध्ये एखादी बैठक जास्त निघायला लागली. मूत्रपिंडांचं काम पाहायला रक्तात क्रिएटिनिन तपासतात, ते तपासायचं असेल तर डॉक्टरांना हे घेत असल्याचं आधी सांगावं, नाहीतर आकडा थोडा वर आलेला पाहून उगीच काळजी लागते.

मोजण्याबद्दलही एक सांगायचं राहिलं. रोजचं वजन रोज पाहून मन वर-खाली करू नये. पाणी, मीठ, पोट साफ होणं, पाळी, सगळ्याने किलो-दीड किलो हलतं. आठवड्याची सरासरी काढावी आणि सरासरीशी सरासरी ताडावी. एखादा बदल केला तर निदान चार-सहा आठवडे तोच ठेवावा, त्याआधी निकाल मागू नये. टेप नेहमी सकाळी आणि नेहमी त्याच जागी. मी मांडीवर तिथे पेनाने ठिपका काढून ठेवायचे.

या एप्रिलच्या पानावर वजन ५९.४ किलो आहे. कंबर ८१, मांडी ५१. काट्याने पाहिलं तर मी जाड झाले, टेपने पाहिलं तर बारीक. खुर्चीवरून ३० सेकंदांत २१ वेळा. जोर ९. दप्तर १८ किलो, १० बैठका.

गहू मागच्या रविवारी आला. पहिला कट्टा पावलांमध्ये उभा केला, कंबर मागे नेली, छातीशी धरला आणि निघाले. पंधराव्या पायरीवर जिना वळतो, तिथे पाठ टेकून दोन श्वास घेतले. तिसऱ्या कट्ट्यानंतर दहा मिनिटं ओट्यावर बसून पाणी प्यायले. मुलगी मदतीला येत होती, तिला म्हटलं तू पुढच्या वर्षी. वर बाबा कोठीजवळ खुर्ची टाकून बसले होते, आणि दर कट्ट्याला शेजारच्या पाटावर एक खडा ठेवत होते. वहीतल्या त्यांच्या खुर्चीवरून उठण्याच्या रकान्यात दिवाळीला ५ लिहिलं होतं, मार्चअखेर ९. सहावा कट्टा ठेवला तसा त्यांनी सहावा खडा मांडला, आणि दिवेलाची बाटली आणायला खुर्चीवरून उठले, हात न टेकता.